उशिरा पोहोचलेला मुऱ्हाळी

मित्रांनो, मला हातात घेतलेत की आधी माझ्या वरच्या कडेकडे बघा. तिथे दोन टोकांना दोन छोट्या चौकोनी खाचा दिसतील. नव्या कॅसेटच्या या खाचा प्लास्टिकच्या खिट्टीने बंद असतात. खिट्टी मोडली की त्या बाजूवर पुन्हा दुसरे काही भरता येत नाही. आहे ते तसेच राहते. माझ्या दोन्ही खिट्ट्या मोडलेल्या आहेत. पहिली मोडली त्या दिवशी दुकानात सगळे खुशीत होते. दुसरी मोडली त्या दिवशी मोडणाऱ्याचे डोळे भरलेले होते. या दोन दिवसांच्या मध्ये सात वर्षे गेली आणि ती मी एका खणात पडून काढली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आम्हा कॅसेटींना जन्माच्या वेळी काहीच आठवत नसते, आम्ही कोऱ्या असतो. डोळे उघडले तेव्हा मी चोपड्याच्या एस.टी. स्टँडसमोर कय्युमभाईच्या दुकानात काचेच्या कपाटात होते. कय्युमभाई रेडिओ दुरुस्त करी, कॅसेटी भरून देई. हातात कायम तारा जोडायची झाळणीची कांडी आणि कानाशी कायम काहीतरी वाजते. स्वभावाने माणूस लोण्यासारखा. गिऱ्हाईक हसत बाहेर पडले नाही तर त्याला जेवण गोड लागत नसे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याच्या हातून जे झाले ते ऐकून तुम्ही त्याच्यावर रागवाल. मीही फार वर्षे रागावले होते.

माझ्या नशिबात सिनेमाची गाणी नव्हती. माझ्या नशिबात सुकदेव होता.

सुकदेव चोपड्याजवळच्याच एका खेड्यातला. दिवसा केळीच्या बागेत घड कापायचा. संध्याकाळी हात धुतले की डफ घ्यायचा. गाणी त्याची स्वतःची, अहिराणीतली. कुणाकडून शिकलेला नव्हता. घड खांद्यावर टाकून चालताना ओळ सुचे, ट्रक भरेपर्यंत गाणे तयार. पण खरी गंमत गाण्याची नव्हती. प्रत्येक गाण्याआधी तो एक गोष्ट सांगे. गाणे पाच मिनिटांचे आणि गोष्ट पंधरा मिनिटांची. गोष्ट कुठे संपली आणि गाणे कुठे सुरू झाले हे ऐकणाऱ्याला कळत नसे. ढोलकीवर त्याचा जोडीदार भटू. सुकदेव गोष्टीत रंगला की भटू ढोलकीवर कोपर टेकून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत बसे.

साऱ्या गावाला हसवणारा आणि रडवणारा हा माणूस घरात मात्र मुका होता. जेवायला वाढ, पाणी दे, यापलीकडे शब्द नाही. बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, कमल. तिला त्याने एकट्याने वाढवले, वेणी घालायलासुद्धा तोच शिकला. पण तिच्यावर जीव आहे हे त्याने तिला कधी तोंडाने सांगितले नाही. ते तिने त्याच्या गाण्यांतून ओळखून घ्यायचे, असा त्याचा हिशेब असावा.

कमलचे लग्न नरडाण्याला झाले. जावई तोताराम रेल्वेत कामाला. माणूस भला, सासू बेबाबाई तोंडाची तिखट. त्यानंतर आली पहिली आखाजी.

तुम्ही खानदेशातले असाल तर आखाजी काय ते तुम्हाला सांगायला नको. बाहेरचे असाल तर ऐका. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि तो सासरी गेलेल्या मुलींचा सण असतो. माहेरचे कुणीतरी, बाप नाहीतर भाऊ, मुलीला न्यायला सासरी जातो. त्याला म्हणतात मुऱ्हाळी. मुऱ्हाळी आल्याशिवाय मुलीने आपल्या पायांनी माहेरी जायचे नसते. लग्नानंतरची पहिली आखाजी तर मुली महिनाभर आधीपासून बोटांवर मोजतात. माहेरी झोके बांधलेले असतात, मैत्रिणी जमलेल्या असतात, गाणी असतात.

त्या वर्षी सुकदेवला शिरपूरहून बोलावणे आले. एक दिवस गाऊ आणि तिथूनच नरडाण्याला जाऊन पोरीला घेऊन येऊ, असे त्याने ठरवले. शिरपूरच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. आज या गल्लीत, उद्या त्या गल्लीत. एकाचे तीन दिवस झाले. इकडे कमल गाठोडे बांधून ओट्यावर बसली होती. शेजारणींचे मुऱ्हाळी आले, एकेक सून नटूनथटून निघून गेली. तिसऱ्या दिवशी गल्लीत सून म्हणून ती एकटीच उरली. बेबाबाई दारातून म्हणाली, "तुना बापले काय जास्ती, गानं का पोर?"

सुकदेव पोहोचला तेव्हा आखाजी होऊन गेली होती. कमलने त्याला तांब्याभर पाणी आणून दिले. तो पिईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "सन तं व्हयी गया, आबा. आते येईसन काय करू?"

ती गेली नाही. पुढच्या वर्षी तो वेळेच्या आधी चार दिवस गेला, तेव्हाही आली नाही. मधल्या दिवाळीलाही आली नव्हती. दोन्ही आखाजींना तो ओट्यावर बसला, पाणी प्याला, हात जोडून उठला आणि परत आला. चुकलो, हा एक शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही. शंभर माणसांपुढे झऱ्यासारखी वाहणारी त्याची जीभ त्या ओट्यावर टाळूला चिकटून बसली.

हे सगळे मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, माझे कामच ऐकण्याचे. काही मी तेव्हा ऐकले, काही पुढे भटूने आणि कमलने सांगितले तेव्हा ऐकले.

१९८७ साल उजाडले. एकदा रेडिओचे सेल घ्यायला सुकदेव दुकानात आला असताना कय्युमभाई म्हणाला, "भाऊ, तुमना आवाज वारामा जास. एकदाव भरी ठेवूत ना."

सुकदेवने सेल खिशात टाकले. मग म्हणाला, "भर. पन पहिली कॅसेट मनी पोरले."

कय्युमभाईने कपाटातून मला काढले. चांगल्यातली चांगली म्हणून काढले, हे मी अभिमानाने सांगते.

आखाजीच्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, सुकदेवच्या गावात निंबाखाली कार्यक्रम ठरला. झोके खेळून दमलेल्या लेकीबाळी पुढे बसल्या होत्या. कय्युमभाईने टेपरेकॉर्डर खाटेवर ठेवला, मला आत घातले आणि दोन कळा एकदम दाबल्या. माझ्या अंगावरून पहिल्यांदा आवाज गेला तो डफावरच्या थापेचा. मग सुकदेवचा. काय सांगू तुम्हाला, कोऱ्या कागदाला शाई लागते तसे मला झाले. त्याने घड वाहणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, रुसलेल्या बैलाची सांगितली. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तो हशासुद्धा माझ्यावर आहे.

पहिली बाजू भरली तेव्हा दिवस बुडत आला होता. त्या वर्षी रमजान नुकताच लागला होता. कय्युमभाई दिवसभर रोज्याने होता, घशात पाण्याचा थेंब नाही. त्याने मला उलटून घातले, कळा दाबल्या, सुकदेवला खुणेने सांगितले आणि रोजा सोडायला पलीकडच्या गल्लीतल्या मशिदीकडे गेला. मशीन चालूच राहिले. माझी दुसरी बाजू कय्युमभाईने ऐकलीच नाही. सगळ्या दुःखाचे मूळ एवढेच आहे. यात कुणाचा दोष धरावा हे मला आजही कळत नाही.

दुसऱ्या बाजूवर दोन गाणी झाली. कुणीतरी गॅसबत्ती आणून टांगली. मग सुकदेवने डफ मांडीवर ठेवला आणि शेवटची गोष्ट सुरू केली.

"एक बाप व्हता. गाना म्हनाना त्याले भारी नाद. त्याले एकच आंडेर, बिगर मायनी पोर."

लोक सरसावून बसले. त्याने ओट्यावरचे गाठोडे सांगितले. शेजारणींचे मुऱ्हाळी सांगितले. "एक दिन गया, दोन दिन गयात, तीन दिन गयात. आनि बाप कोठे? बाप शिरपूरले, लोकेसन्या टाया लेवामा दंग."

तिथे तो थांबला. नंतर त्याचा आवाज बदलला. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतर ऐकायचा योग आला नाही.

"दुसरासना नाव कितला दिन सांगू? तो बाप मीच शे. कमल, माय, मनी चूक व्हयनी. तुना दारवर दोनदा उनू, पन तोंडमाईन शबद निंघना नही. आते हाई फीतच मना मुऱ्हाळी समज. आयक आनि ये. तू आयकी ऱ्हायनी ना, माय? हाव म्हन."

आणि तो गप्प राहिला. हाव म्हणजे आमच्याकडे हो, आणि त्या हावची तो खरोखर वाट बघत राहिला. निंबाखाली एवढी माणसे, पण कुणी हूं की चूं केले नाही. त्या जागी माझ्यावर गॅसबत्तीची सूं सूं आहे, एका तान्ह्या मुलाचे कुरकुरणे आहे आणि सुकदेवचा श्वास आहे. शांतपणे दहापर्यंत मोजावे एवढीच ती जागा. मग तो हळूच म्हणाला, "नही तं नही. गानं आयक." आणि गायला लागला.

गठुडं बांधं, गाठ मारी, पोर बसनी ओट्टावर,
बठ्ठासना भाऊ उनात, मना बाप कोनता वाटवर...

गाणे संपत आले आणि कय्युमभाई तोंड पुसत परत आला. बाया पदराने डोळे टिपत होत्या. त्याला वाटले, गाणे चांगले रंगले.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्या नकला काढायचे काम सुरू झाले. नक्कल कशी काढतात ते सांगते. दोन मशिने तारेने जोडायची. एकात मी, दुसऱ्यात कोरी कॅसेट. कय्युमभाईचा डावा हात कायम थांबवायच्या कळेवर. बोलणे सुरू झाले की कळ दाबायची, मला पुढे पळवायचे, गाणे आले की कळ सोडायची. कारण गिऱ्हाईक यायचे ते म्हणायचे, लग्नात लावायला गाणी पाहिजेत, बडबड कशाला. "एक बाप व्हता" एवढे त्याच्या कानावर पडले आणि त्याने मला पळवले. रुसलेल्या बैलाची गोष्ट जशी पळवली तशीच हीही.

मी ओरडू शकत नव्हते. मित्रांनो, माझ्या पोटात एवढे बोलणे भरलेले, पण कुणी लावल्याशिवाय मला तोंड फुटत नाही.

सुकदेव ठरल्याप्रमाणे कॅसेट न्यायला आला. कय्युमभाईने त्याला मी नाही दिली. पिवळ्या वेष्टनातली, वर डफाचे चित्र छापलेली नवी नक्कल दिली. "हाई ल्या, भाऊ. पोरले भेट देतस तं नवी करकरीत द्या." मी बापडी मळकी, पाठीवर पेन्सिलने गिचमिड लिहिलेली. त्याने प्रेमानेच दिली. सुकदेवने ती कपाळाला लावली आणि भटूच्या हाती सोपवली. त्याच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता, त्याने ती लावून बघितली नाही. माझी मात्र त्या दिवशी पहिली खिट्टी मोडली, पहिल्या बाजूची. दुसऱ्या बाजूला गोष्टीच जास्त, पुढेमागे तिथे काही भरता येईल म्हणून कय्युमभाईने ती खिट्टी तशीच ठेवली. पुढच्या नकलांना पहिली नक्कल पुरे होती, म्हणून मग मला खणात टाकले.

भटू अमळनेरला जाऊन पॅसेंजरने नरडाण्याला उतरला. कॅसेट कमलच्या हातात दिली, आबांनी तुझ्यासाठी पाठवली म्हणाला आणि गावातल्या आपल्या बहिणीकडे गेला. बापलेकीच्या बोलण्यात आपण कशाला, असा त्याचा विचार.

बापाने काहीतरी पाठवले म्हणून कमल हरखली. तोतारामने टेपरेकॉर्डर ओट्यावर आणला. गल्ली जमली. गाण्यामागून गाणी वाजली आणि सगळ्यांत शेवटी वाजले गाठोड्याचे गाणे. आधी ना गोष्ट, ना चूक कबूल केलेली, ना ती हाक. नुसते गाणे, ढोलकीच्या ठेक्यावर. गल्लीने ते लगेच ओळखले. ओट्यावर बसून राहिलेली सून त्यांच्यासमोरच तर उभी होती. कुणी फिसकन हसले. बेबाबाई म्हणाली, "दखा, मनी सून कॅसेटमा भी उनी."

संध्याकाळी भटू निरोप विचारायला आला. कमलने कॅसेट त्याच्या हातात परत ठेवली. "भटूकाका, आबाले सांगा, मनं दुख बजारमा इकू नका."

भटूला वाटले, हिने सगळे ऐकले आणि तरी हिचे मन वळले नाही. त्याने निरोप जसाच्या तसा पोचवला. सुकदेवलाही तेच वाटले. आपण सगळ्या गावापुढे माफी मागितली, तीही पोरीला खोटी वाटली, बाजार वाटली. त्याने पुन्हा विचारले नाही. तिनेही पुन्हा सांगितले नाही. दोघेही आपल्या जागी खरे होते आणि दोघांच्याही मध्ये मी होते, खणात, जुने स्क्रू आणि मेलेले सेल यांच्या संगतीत.

माझ्या नकला मात्र खूप गाजल्या. लग्नाच्या मांडवात, कापडाच्या दुकानात, केळीच्या ट्रकमध्ये त्या वाजत. सुकदेवचे नाव शिरपूर, धुळ्यापर्यंत गेले. पण त्या कुठे वाजू लागल्या की तो उठून जाई. गाणी म्हणायचा तो, बोलावणी आली की जायचा, पण गोष्टी सांगणे त्याने बंद केले. गाणे झाले की पाणी पिऊन दुसरे गाणे. भटू सांगतो, कोपर टेकून ऐकत बसायची त्याची सवय त्यामुळे मोडली. लोकांना वाटले, सुकदेव आता थकला.

१९९१ मध्ये त्याच्या घशात गाठ निघाली. आधी आवाज गेला, मग पाच-सहा महिन्यांत तो गेला. शेवटी शेवटी तो पाटीवर लिहून बोलायचा. कमल आली ती त्याला स्मशानात न्यायच्या वेळी. गावातली एक बाई तिला म्हणाली, "बापनं हात जोडात, तरी तू नही उनी." कमलला वाटले, ओट्यावरून उठताना तो हात जोडायचा त्याविषयीच ती बोलते आहे. दहावा झाला आणि ती परत गेली. भटूने घराला कुलूप लावले.

हे सांगताना मला फार जड जाते. एखादी किल्ली आपल्याजवळ असावी, बाहेर दोन माणसे दारावर डोके आपटत असावीत आणि आपल्याला हात नसावेत, तसे ते दिवस होते. दोनदा कय्युमभाईने मला खणातून काढले. दुसऱ्या बाजूवर कुणाची तरी आवडती गाणी भरायची होती आणि तिची खिट्टी शाबूतच होती. एकदा तर मला मशीनमध्ये घातलेसुद्धा. एवढ्यात कपाटात एक कोरी सापडली आणि मी वाचले. सुकदेवचे ते शब्द असे दोनदा पुसता पुसता राहिले.

१९९४ ची आखाजी दोन दिवसांवर आली होती. भटूने नवाच टेपरेकॉर्डर घेतला होता आणि जोडीदाराचा आवाज घरात असावा म्हणून पिवळ्या वेष्टनातली एक नक्कल विकत घेतली होती. दुपारच्या वेळी तो ती हातात घेऊन दुकानात आला.

"कय्युमभाऊ, सुकदेवनी ती गोष्ट यामा कोठे शे?"

"कोनती गोष्ट?"

"शेवटना गानाना आगोदरनी. पोरनी माफी मांगी ती."

कय्युमभाईच्या हातातली कांडी तशीच राहिली. "गोष्टी तं बठ्ठ्या मीच काढी टाक्यात, भटू. गानाच ठेवात."

भटूने हातातली नक्कल फळीवर ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "मंग तिनी आयकं काय?"

खण उघडला. सात वर्षांनी मला कुणी ऐकण्यासाठी हातात घेतले. माझी फीत सैल पडली होती, कय्युमभाईने पेन्सिल घालून ती गुंडाळली. त्याने मला लावले आणि दोघे बाकावर बसले. सुकदेव बोलला, थांबला, गायला. दुकानात दोन गिऱ्हाइके आली आणि कुणी बघत नाही म्हणून निघून गेली. गाणे संपल्यावर कय्युमभाई म्हणाला, "मी तव्हय रोजा सोडाले गयथू." एवढेच म्हणाला आणि दुकानाचे शटर ओढले.

तो घरी जाऊन बसेल असे भटूला वाटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कय्युमभाईने मला धुतलेल्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवले. मुऱ्हाळी रिकाम्या हाताने जात नाही, म्हणून करंडीभर आंबे घेतले. भटूला घर उघडून ठेवायचा निरोप धाडला आणि शिरपूरची एस.टी. धरून तो नरडाण्याला निघाला.

कमल ओट्यावर धान्य निवडत होती. दोन मुलांची आई झाली होती. तिने अनोळखी माणसाला बघून पदर सावरला.

"बाई, मी चोपडाथून उनू. सुकदेवभाऊना मुऱ्हाळी."

तिच्या हातातले सूप खाली टेकले. "आबाले जाईसन तीन साल व्हयनात, भाऊ."

"मुऱ्हाळी सात साल आगोदरनाच शे. मीच त्याले वाटमा अडकाडी ठेवा." आणि मग, ओट्याच्या पायरीवर उभ्या उभ्याच, त्याने सगळे सांगितले. नक्कल, कळ, रोजा, सगळे. शेवटी म्हणाला, "पोरी, मनी चूक व्हयनी." सुकदेवला त्या ओट्यावर जे जमले नाही ते या परक्या माणसाला जमले.

तोताराम कामावर होता. टेपरेकॉर्डर कमलनेच आणला. बेबाबाई आता डोळ्यांनी अधू झाली होती, ती उंबऱ्यावर येऊन बसली. कय्युमभाईने मला लावले.

एक बाप व्हता. कमल ऐकत होती. गाठोडे आले, तीन दिवस आले, तिचा चेहरा कठीण झाला. पुन्हा तेच, असे तिला वाटले असावे. मग आवाज बदलला. "तो बाप मीच शे." तिने सूप उचलले आणि छातीशी धरले, का धरले ते तिलाही सांगता आले नसते. "तू आयकी ऱ्हायनी ना, माय? हाव म्हन."

गॅसबत्तीची सूं सूं वाजत राहिली. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटायला वेळ लागला. बापाचीच लेक ती. "हाव, आबा," ती म्हणाली तेव्हा सुकदेवने "नही तं नही" म्हणून गाणे सुरू केले होते.

"मागे ल्या," ती म्हणाली. "भाऊ, मागे ल्या."

कय्युमभाईने मला मागे घेतले. पुन्हा तीच हाक. पुन्हा तिला हुंदका आला आणि उशीर झाला. तिसऱ्यांदा मात्र ती त्या मोकळ्या जागेत वेळेवर बोलली. "हाव, आबा. आठेच शे मी." आणि मग सूप बाजूला ठेवून रडली. सात वर्षांचे रडणे एकदम आले. बेबाबाईने चाचपत तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाय, माय. तुना आबाना मुऱ्हाळी उना." आणि आत जाऊन गाठोड्याचे कापड तिनेच काढून आणले.

निघायच्या आधी कमलने कय्युमभाईला विचारले, "भाऊ, आठे, या जागावर, मनं हाव भराई का?"

माझ्या दुसऱ्या बाजूची खिट्टी शाबूत होती. भरता आले असते. कय्युमभाईने तसे सांगितले, पण हेही सांगितले, "नवं भरं का खालनं पुसाई जास, बाई." खाली तरी काय होते? शब्द तर एकही नव्हता.

कमलने ती जागा पुन्हा एकदा लावायला सांगितली. कान टेपरेकॉर्डरला लावून ऐकली. मग मान हलवली. "नको, भाऊ. आबा वाट दखी ऱ्हायनात. ते पुसू नका."

कय्युमभाईने खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझी दुसरी खिट्टी मोडली. तिचा कट्ट असा आवाज झाला. त्याला नीट दिसत नव्हते, म्हणून टोक त्याच्या बोटालाही लागले.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. भटूने सुकदेवच्या घराचे कुलूप काढून ठेवले होते आणि त्याच्या बायकोने, सुगंधाबाईने, सडा घातला होता. निंबाला झोका होता. कमल त्याच्यावर बसली नाही, खाली दोरी धरून उभी राहिली.

तेव्हापासून मी कमलच्या घरी असते. ती मला रुमालात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवते, उन्हापासून जपते. वर्षातून एकदा, आखाजीच्या आदल्या दिवशी, ती मला लावते आणि त्या जागी हाव म्हणते. आता घरोघर चकचकीत तबकड्या येऊ लागल्या आहेत, माझे दिवस भरत आले आहेत हे मला समजते. पुन्हा पुन्हा मागे घेतल्याने माझी फीत नेमकी त्याच जागी झिजली आहे. सुकदेवचा श्वास आधीसारखा ऐकू येत नाही. कमलला तो येतो म्हणे.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, उन्हात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. कुणी तुमच्यावर रुसून गप्प बसले, तर एकदा जवळ जाऊन विचारा की बाबा रे, तू ऐकलेस ते काय होते? भटूने विचारला तो प्रश्न सात वर्षे आधी कुणी विचारला असता, तर कमलच्या तोंडचे हाव ऐकायला सुकदेव होता. आणि घरातले कुणी बोलत असेल तर बडबड म्हणून त्याला पुढे पळवू नका. मला मागे घेता येते. कमलने त्या दिवशी मला तीनदा मागे घ्यायला लावले. गेलेल्या आबांना मात्र ती एकदाही मागे घेऊ शकली नाही.